पहिली सही

दिवसातली ती चाळिसावी पिशवी होती आणि रक्तपेढीत रक्तगट तपासणाऱ्या मावशींची पाठ पार मोडून गेली होती. त्यांनी पांढऱ्या टाईलवर रक्ताचे दोन थेंब घेतले, एकात ए ओळखणारं औषध घातलं, दुसऱ्यात बी ओळखणारं, आणि दोन मिनिटं टाईल हलकेच डोलवली. दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले, गुठळी कुठेच नाही. त्यांनी वहीत ‘ओ’ लिहून सही केली. दोघींनी वेगवेगळं बघून सही करायची असा नियम होता; शेजारी बसलेल्या धाकट्या सहकारी मुलीनेही ‘ओ’ लिहून दुसरी सही ठोकली.

पिशवी ओ गटाच्या एका बाळंतिणीला जायची होती. पण उलट तपासणीच्या नळ्या जुळेनात. ओ रक्तातल्या पिवळ्या पाण्याने ए च्या पेशींच्या गुठळ्या व्हायला हव्या होत्या. इथे त्या सुट्याच राहिल्या.

“पुन्हा टाईल लाव गं,” मावशी म्हणाल्या. “या खेपेला आधी तू बघ.”

धाकटी वाकली. “अगंबाई! ए च्या थेंबात वाळूसारखे बारीक कण आहेत, मावशी. हे तर ए रक्त! बाळंतिणीच्या जिवावरच बेतलं असतं!”

“मग मघाशी दिसले नाहीत?”

“मघाशी बघितलंच कुठे? तुम्ही लिहिलं होतंत ना! तुमच्या डोळ्यांपुढे माझे डोळे काय दिवे लावणार?”

मावशींना रागवायचंही त्राण नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी याच डोळ्यांचं कौतुक ऐकलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, टाईल उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. थेंब गुळगुळीतच.

त्यांनी वही धाकटीपुढे सरकवली. “आजपासून पहिली सही तुझी. मला ते कण आत्ताही दिसत नाहीयेत, बाळ.”