अंगावर उसना दगड

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. भुईगावात समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यालगत एक केळीची वाडी आहे. तिच्यातल्या घराची मी दर्शनी भिंत. गेली दोन वर्षं येणारेजाणारे थांबून म्हणायचे, "वा! काय सुंदर दगड लावलाय!" मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते. कारण ज्याचं कौतुक चाललं होतं तो दगड माझा नव्हताच. बोटभर जाडीच्या चकत्या होत्या त्या, बाजारातून आणून चिकटवलेल्या. माझा खरा दगड त्यांच्या आड गुदमरत होता.

मला या घराचे मालक रामचंद्र यांनी बांधलं. काळा दगड बैलगाडीने आणला, अंगणातच घाणी मांडून बैलाकडून चुना दळून घेतला आणि ओळंबा धरून एकेक दगड बसवला. दर दिवाळीआधी ते स्वतः मला चुन्याचा हात द्यायचे. पावसाळ्यात मी पोटभर पाणी प्यायचे आणि दिवाळी सरेपर्यंत ते उन्हाला परत देऊन टाकायचे. चुना त्या पाण्याला अडवत नसे. घर आतून कोरडं असायचं आणि त्यात माझी काही बढाई नव्हती, ते माझं कामच होतं.

रामचंद्रांच्या मागे त्यांच्या सूनबाईंनी, जयवंतीने, चुन्याचा कुंचला हाती घेतला. पदर खोचून ती शिडीवर चढायची. तिच्या हातचा चुना मला फार आवडे. पण एका वर्षी तिच्या नणंदेचा, संपदाचा, साखरपुडा अंगणात ठरला आणि जयवंतीने हौसेने आदल्याच दिवशी मला चुना दिला. नवऱ्या मुलाचे मामा नवाकोरा काळा कोट घालून आले आणि गप्पा मारता मारता माझ्यावर रेलले. उठले तर पाठ पांढरीफटक! सगळा मांडव हसला, मामा रुसले, जेवायलाही बसेनात. जयवंतीला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्याच महिन्यात मला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट लागला.

एका कोटापायी, मित्रांनो! माणसांनी तो झटकला असता तर माझी चाळीस वर्षं वाचली असती. आत शिरलेल्या पाण्याला रंगातून वाट मिळेना, म्हणून रंगाला फुगे आले. फुगे दिसतात म्हणून सिमेंटचा गिलावा आला. माझ्या आत दगड आहे हे हळूहळू घरातले सगळे विसरून गेले.

मग जयवंतीचा मुलगा प्रितेश कर्ता झाला. तो मुंबईला नोकरीला जातो. कळंबच्या किनाऱ्यावर येतात तसे आपल्याकडेही शनिवार-रविवारचे पाहुणे यावेत, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने ठेकेदाराला मोबाईलवर एका बंगल्याचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "असा जुन्या काळातला दगडी लूक पाहिजे." ऐकून मी हसावं की रडावं?

कामाला जूचंद्र गावचा कृष्णा गवंडी आला. त्याने थापीच्या मुठीने मला दोनदा ठोकलं, कान लावला आणि ठेकेदाराला म्हणाला, "शेट, हिच्या आत दगड हाय. वरून बंद केलीत तर पानी कोंडंल." ठेकेदार म्हणाला, "तुला सांगितलंय तेवढं कर." कृष्णाने मान खाली घालून चकत्या चिकटवल्या. वर चकाकणारं पाणीरोधक रसायन मारलं. मी दगडाची, आणि मला दगडाचं सोंग!

दोन पावसाळे गेले. बाहेर जायची वाट बंद झाली, तेव्हा पाणी आत निघालं, थेट जयवंतीच्या खोलीत. तिच्या पलंगाकडची माझी बाजू ओली राहू लागली, गाद्यांना बुरशी आली, तिचा खोकला थांबेना. पलंग सरकवत सरकवत दारापाशी आला. आणि बोल मला! "भिंतच सडलीये," प्रितेश म्हणाला. "पाडून विटांची नवी बांधू." तो तारीखही ठरवून मोकळा झाला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, कारण जयवंतीचा खोकला मला रोज ऐकू येत होता आणि तो माझ्यामुळे आहे असं तिलाही वाटू लागलं होतं.

पाडकामाचा अंदाज घ्यायला कृष्णाच आला. त्याने एक चकती उचकटली, तर तिच्यासोबत गिलाव्याचा परातीएवढा तुकडा धाडकन खाली आला. आतून माझा काळा दगड उघडा पडला. प्रितेश पुढे झाला, त्याने निरखून पाहिलं आणि फोटो काढला.

"कृष्णाकाका, हा शेड एकदम भारी आहे! असाच दगड कुठे मिळेल? नव्या भिंतीला हाच लावू."

कृष्णा त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हंजे ही पाडायची, आनि मंग हिच्यासारका दगड शोधत फिरायचा?"

खोकत खोकत जयवंती बाहेर आली. तिने उघड्या दगडावर तळवा ठेवला. "प्रितेश, त्या मामांचा कोट पांढरा झाला म्हणून मीच हिला रंगाखाली गाडलं. चूक माझी आहे, हिची नाही. पाडायचीच असेल तर आधी मला या घरातून बाहेर काढ."

प्रितेशने मोबाईल खिशात घातला. म्हणाला, "फक्त तुझ्या खोलीपुरती मोकळी करू. एक पावसाळा बघू, मग ठरवू."

म्हणजे मी अजून अर्धीच सुटले आहे. कृष्णाने तेवढ्या भागावरचं सगळं काढलं आणि दगडांमधल्या दरजा चुन्याने भरल्या. जयवंतीचा पलंग पुन्हा जागेवर आला आहे. उरलेला भाग अजून चकत्यांखाली कुढतो आहे आणि पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. काय बोलावं!

मित्रांनो, घर नटवा, खुशाल नटवा. पण जुन्या भिंतीला काही चिकटवण्याआधी तिला एकदा ठोकून बघा, आत काय आहे ते विचारा.

परवा प्रितेश फोनवर बोलत बोलत माझ्या मोकळ्या भागावर रेलला. ऑफिसला निघाला होता, अंगात काळा शर्ट. उठला तर पाठीवर चुन्याचे पांढरे पट्टे. "आई, हे बघ काय झालं!" तो चिडून ओरडला. आता पुन्हा रंगाचा डबा येणार, असंच मला वाटलं.

जयवंती दारात आली, त्याची पाठ पाहिली आणि हातातली पिशवी त्याला देत म्हणाली, "झटक, आणि जा."