जहाजाच्या उघड्या खिडक्या

कप्तानाची लेक जहाजांची इंजिनियर झाली ती एका हट्टापायी. बाबांचं नावाजलेलं प्रवासी जहाज बंदराच्या तोंडाशी खडकाला घासून बुडालं. बाबांसकट कितीतरी माणसं गेली आणि गावभर बोभाटा झाला की कप्तान प्यायलेला होता. बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण मेलेला माणूस थोडाच बाजू मांडायला येतो? ती आपण मांडायची, असं लेकीने ठरवलं.

खडकाने पाडलेलं भोक लहान होतं. तेवढं पाणी पंपांनी सहज उपसलं असतं. म्हणजे पोलादच कमअस्सल, असं तिने मनाशी धरलं. पोलाद तपासलं तर खणखणीत निघालं. मग तिने तळाशी उतरवलेल्या पाणबुड्याने खालच्या मजल्याच्या गोल खिडक्या वर आणल्या. काच शाबूत, पेच शाबूत, पण हाताने सैल केलेले. जहाज कललं तेव्हा पाणी तिथूनच आत आलं होतं.

पाणबुड्याचं म्हणणं, हा घातपात. तिला ते पटलं. खरं तर आवडलंच.

दुपारी तिने त्याला घरी चहाला बोलावलं. तो येतोय म्हटल्यावर आई घरभर एकेक खिडकी उघडत सुटली. टेबलावरचे नकाशे भिरभिरले. धूळ येतेय सगळी, म्हणून लेक करवादली.

"येऊ दे. पाहुण्याला घर कोंदट वाटायला नको. तुझ्या बाबांची शिस्त ही. बंदर दिसलं की जहाजावरही हेच. उतारू उतरायच्या आत खालपासून सगळ्या खिडक्या उघडायला लावायचे."

नकाशे गोळा करायला वाकलेली लेक तिथेच जमिनीवर बसली. आईचा हात कडीवर तसाच राहिला. लेक म्हणाली की तपास इथेच थांबवते.

"का? इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस ते अर्ध्यावर सोडायला?"

"आई, चूक त्यांचीच निघाली."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून." आईने पदराने डोळे टिपले. "अहवालात लिही तसं. नाहीतर उद्या दुसरा कुणी भला माणूस हेच करेल. गेलेल्यांच्या घरच्यांना तोंड कसं दाखवायचं, ते माझं मी बघेन. आणि दारूचं खोटं होतं, तेही लिही. ठळक."

बेल वाजली. लेकीने दार उघडलं आणि पाणबुड्याला बूटही काढू न देता सांगितलं, "घातपात नाही. खिडक्या बाबांनीच उघडायला लावल्या होत्या."

आत आईने चहाचं आधण ठेवलं. खिडक्या मात्र तिने बंद केल्या नाहीत.