क्लच नसलेली गाडी

तिनं गाडीखालचा पुठ्ठा बाहेर ओढला. त्यावर तळहाताएवढा लाल तेलाचा डाग पडला होता. आदल्या दिवशीच तिनं नवं सील घालून गिअरबॉक्स चढवला होता.

"गळतंय ना?" दारातल्या खुर्चीतून मिस्त्रींनी विचारलं.

"गळतंय," ती म्हणाली आणि जॅक आणायला गेली.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. काठी टेकत गॅरेजपर्यंत यायचे तेवढंच. जीभ मात्र शाबूत होती, आणि हाताचं काम सुटल्यामुळे तीच जास्त चालायची. त्यांच्या हातात पाने देता देता ती सगळं काम शिकली होती. आधी ब्रेक, मग क्लचप्लेटा, आणि आता गॅरेज तिच्यावरच चालत होतं. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री तिच्याकडे बोट दाखवायचे आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायचे. ते तोंड फिरवणं तिला सोसत नसे.

ही ऑटोमॅटिक गाडी एक म्हातारे गृहस्थ अंगणात सोडून गेले होते. तेल गळून गळून ती ओढेनाशी झाली होती. भंगारात द्या नाहीतर तुम्हीच ठेवा, म्हणाले. भंगारवाल्याला फोन करताना तिच्या डोक्यात आलं, हिला क्लचच नाही. डाव्या पायाला कामच नाही. तिनं फोन ठेवून दिला.

जेवताना तिनं मिस्त्रींना सांगितलं, ही तुम्हाला चालवता येईल. ते आधी हसले, मग ताट सरकवून म्हणाले, मला खेळणं आणून देतेस का? तिनं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं आणि सकाळी गाडीचे बोल्ट सोडायला घेतले.

आता तेच बोल्ट ती दुसऱ्यांदा सोडत होती. शेजारच्या वेल्डरनं गिअरबॉक्स उतरवायला हात लावला. जाताना म्हणाला, वहिनी, कशाला जिवाला त्रास करून घेता? ती म्हणाली, खाली धरायला आलात तसे वर चढवायलाही या.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. भल्यामोठ्या डब्यासारखा, आत तेल भरलेला. क्लचचं काम तोच करतो. त्याची मान पंपात जिथे शिरते तिथे रबरी ओठाचं सील असतं. कन्व्हर्टर ओढून काढल्यावर तिला चूक दिसली. सील तिरकं बसलं होतं आणि एका बाजूला ओठ दुमडला होता. तिनं ते अलगद उचकटून काढलं, जागा पुसली, कन्व्हर्टरच्या मानेवरून नख फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही. नव्या सीलच्या ओठाला तेल लावलं, त्यावर सपाट लाकूड ठेवलं आणि सगळीकडून सारखं, हळूहळू ठोकत नेलं. मिस्त्री बघत होते.

कन्व्हर्टर आत जाताना एकात एक असलेल्या खाचा धरत तीन टप्प्यांनी बसतो. तिनं तो फिरवत ढकलला. टक झालं. आणखी फिरवला, पुन्हा टक. नंतर कितीही फिरवला तरी तो आत जाईना. हात भरून आले.

"बसला असेल," चढवायला परत आलेला वेल्डर म्हणाला. "घ्या बोल्ट मारून."

"दोनच टक झालेत. असाच आवळला तर पंप फुटेल."

मागे काठीचा आवाज आला. मिस्त्री खुर्चीवरून उठले होते. ते तिच्या शेजारी स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि उजवा पंजा कन्व्हर्टरवर ठेवला.

"ढकलू नकोस," ते म्हणाले. "वजन उचलून धर. मी फिरवतो."

तिनं दोन्ही हातांनी वजन उचललं. डोळे मिटून ते कन्व्हर्टर थोडा पुढे, थोडा मागे फिरवत राहिले. अचानक तो बोटभर आत गेला आणि जड, दबका आवाज आला. मिस्त्रींनी पँटला हात पुसला. कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात तेलानं माखला होता.

गिअरबॉक्स चढवल्यावर पुढचे दोन दिवस तिनं गाडी नुसतीच चालू करून ठेवली, बंद केली, पुन्हा चालू केली. पुठ्ठा कोरडा राहिला. मग डॉक्टरांकडे जाऊन आली. मोकळ्या रस्त्यावर, सोबत कुणी असेल तर हरकत नाही, ते म्हणाले.

सकाळी मिस्त्री स्टिअरिंगमागे बसले. उजवा पाय ब्रेकवर ठेवला. गिअरचा दांडा डावीकडे होता, म्हणून उजवा हात आडवा नेऊ लागले.

"राहू द्या तो स्टिअरिंगवर," शेजारी बसत ती म्हणाली. "कशात टाकू, सांगा."

त्यांनी हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला आणि ते म्हणाले, "डी."

तिनं दांडा पुढे जायच्या 'डी'वर ओढला. गाडी हलली आणि सावकाश फाटकापर्यंत गेली. वेल्डरनं तोंडावरचा मुखवटा वर केला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर समोर होती, आणि मान डावीकडे पुरती वळत नव्हती.

"तुझ्या बाजूनं कुणी येतंय का बघ," ते म्हणाले.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता पाहिला.

"कुणी नाही. चला."