मधाच्या वाटीतला गारवा

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधाची वाटी पुढ्यात घेऊन फुंकरबाबा बसले होते. एकेकाने पुढे येऊन तोंड उघडायचं. बाबा अंगठा मधात बुडवून हिरडीवर चोळायचे, फुंकर मारायचे आणि गर्जायचे, "दाह माझा, गारवा तुझा!" जणू दाह पोस्टाने मागवला होता! पण दोन मिनिटांत रडत आलेला माणूस हसत उठायचा आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

मी दातांची डॉक्टर. आणि माझा सख्खा भाऊ, शिंपीकाम करणारा माझा दादा, पुन्हा एकदा याच रांगेत! दाढ आठवडाभर ठणकत होती, पण इंजेक्शनच्या भीतीने माझ्या दवाखान्याची पायरी चढेना. दोन मिनिटांत दुखणं थांबतं हे ऐकूनच मला संशय आला आणि निघताना मी दवाखान्यातली मलमाची एक ट्यूब पर्समध्ये टाकली.

"वन्सं, चिडू नका," वहिनी म्हणाली. "बाबांचा हात लागला की थांबतं. खरंच थांबतं हो."

दादाचा गाल टम्म फुगला होता आणि सूज जबड्याखाली उतरली होती. खालचा ओठ आतून कुरतडल्यासारखा, रक्ताळलेला.

"हे काय?"

"पीडा बाहेर पडते, असं बाबा म्हणतात."

मी आजूबाजूला पाहिलं. बाबांकडून परतलेल्या कित्येकांचे ओठ तसेच! दाताला इंजेक्शन दिलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला मी बजावते, बधिरपणा उतरेपर्यंत काही खायला देऊ नका, पोर स्वतःचा ओठ चावेल आणि त्याला कळणारही नाही. इथे मोठ्या माणसांनी तेच केलं होतं.

मी सरळ बाबांसमोर जाऊन बसले. "बाबा, माझीही दाढ दुखतेय." अंगठा फिरला. गोडाच्या मागून कडू चव आली आणि थोड्याच वेळात हिरडी माझी राहिलीच नाही.

मी उठले. "यात बधिर करणारं औषध आहे. माझ्याकडेही आहे. कुणाची दाढ दुखतेय, या!"

एक धिप्पाड बेकरीवाला गाल धरून पुढे आला. मी ट्यूबमधलं मलम लावलं. ना मंत्र, ना फुंकर. थोड्या वेळाने तो ओरडला, "आयला, गेलं की!"

"मग आता मलाही बाबा म्हणा," मी म्हटलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"नास्तिक बाई! श्रद्धेची थट्टा करते!" बाबा कडाडले आणि हळूच पिशवी मागे सरकवू लागले. वहिनीने ती हिसकावून उलटी केली. माझ्याकडच्यासारख्याच ट्यूब जमिनीवर पसरल्या.

दादा जड जिभेने म्हणाला, "मग तुझ्या सुईत तरी वेगळं काय असतं गं?"

"वेगळं काही नाही, दादा. याला बधिरीकरण म्हणतात. तेवढ्या जागेची जाणीव काही वेळ जाते, बस. आजार असतो तिथेच असतो. मी बधिर करते ते पू काढायला, दाढ काढायला. हा नुसतं बधिर करून घरी पाठवतो, आणि आत पू वाढत राहतो. आ कर बघू."

त्याचं तोंड बोटभरच उघडलं. थुंकीही गिळवेना. मी त्याला तसंच रिक्षात घातलं.

रात्री सर्जननी मान उघडून पू काढला. श्वासासाठी गळ्यात नळी घालावी लागली. बाहेरच्या बाकावर वहिनी एकच वाक्य घोकत होती, "थांबलं होतं हो, वन्सं. खरंच दुखायचं थांबलं होतं." मला तिच्यावर रागवताही येईना.

दादा वाचला. आवाज अजून घोगरा आहे. फुंकरबाबा म्हणे दुसरीकडे मध घेऊन बसलाय. तिथे कुणी हसत उठलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याचा गाल नीट बघा. दुखणं गेलं, पण सूज गेली का, एवढंच विचारा. गेली नसेल, तर त्याच्या हाताला धरा आणि डॉक्टरकडे न्या.