आठशे मीटरचा किलोमीटर

मोजणीदाराशी संसार करायचा म्हणजे घरातल्या प्रत्येक गोष्टीला माप असतं, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. कपाट भिंतीपासून चार बोटं, बादली नळाखाली बरोबर मधोमध. कोणी "जवळच आहे" म्हणालं की नवरा विचारायचा, "जवळ म्हणजे किती?" पाहुणे हसायचे. तीही हसायची, कारण ती स्वतः गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तरीण होती आणि अर्ध्या इंचाची किंमत तिलाही ठाऊक होती. एका घरात जमीन मोजणारा आणि कापड मोजणारी. भांडण झालंच तर निदान आकड्यांवरून होणार नाही, असं तिला बावीस वर्षं वाटत आलं होतं.

त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मोजणीच्या दिवशी तो दोन्हीकडच्या मालकांकडे चहासुद्धा घेत नसे. उन्हात तहानलेला उभा राहील, पण उद्या कोणी म्हणायला नको की चहा पाजला आणि खूण सरकली. घरून नेलेली बाटली, घरून नेलेला डबा. या हट्टापायी त्याने दोन बढत्या घालवल्या आणि एका आतेभावाशी बोलणं तोडलं. तिला या माणसाचा अभिमान होता, आणि तो ती चारचौघांत मिरवायचीही.

एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. दिवसभर टेबलाशी उभं राहून पाय दगड झाले होते, म्हणून ती कालव्याच्या रस्त्यावर चालायला लागली. चालता चालता पळायला लागली आणि पळता पळता शहाणपण विसरली. नवऱ्याने आपलं मोजणीचं चाक, दांड्याचं आणि मीटरचा आकडा दाखवणारं, फिरवत आख्खा रस्ता मोजला आणि दर किलोमीटरला पिवळ्या रंगाची खूण केली, मध्ये अर्ध्याच्या छोट्या खुणा. फोनवर मोजण्याचं तो नावही काढू देत नसे. फोन म्हणजे अंदाज, चाक म्हणजे माप, असं त्याचं ठाम मत होतं.

पहिल्या वर्षी शर्यतीच्या तीन आठवडे आधी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. दुसऱ्या वर्षी हाड भरून आलं, तर न्यूमोनियाने गाठलं आणि शर्यतीच्या दिवशी ती दवाखान्यात सलाईनच्या थेंबांकडे बघत पडली होती. हे तिसरं वर्ष. खोकला पुरता जायला वेळ लागला, वीस आठवड्यांच्या सरावातले बाराच हाती उरले. हाडांच्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती आणि तीन वेळा तिच्याकडून म्हणवून घेतली होती: आजवर जितकं लांब पळाला असाल त्याच्या सव्वापटीपलीकडे एका झटक्यात जायचं नाही. त्यापुढे गेलात आणि ते हाड पुन्हा चिरलं, तर पळणं विसरा. कटिंगच्या टेबलाशी आठ तास उभं राहणंही विसरा, म्हणजे नोकरीही गेली.

म्हणून तिला सतरा हवे होते. सतराची सव्वापट एकवीसच्या थोडी वर जाते. शर्यतीच्या तीन आठवडे आधी, साडेआठच्या खुणेवरून माघारी वळून, तिने ते सतरा पुरे केले. नवरा पुलाच्या कठड्याशी टॉवेल घेऊन उभा होता. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि त्याचेही डोळे भरून आले.

दुसऱ्याच दिवशी शर्यत बदलायची मुदत संपत होती. भीती वाटत असेल त्याने एकवीसऐवजी दहाचं अंतर घ्यावं, अशी सोय होती. तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्याला स्पष्ट विचारलं की काय करू, मनातून मला धाकधूक वाटतेय.

"सतरा झालेत तुझे," तो म्हणाला. "दहात काय करणार तू?"

फॉर्म तिने फाडून टाकला.

शर्यतीला चार दिवस उरले असताना मोठ्या रस्त्यावर किलोमीटरच्या पाट्या लागल्या. गुरुवारी सकाळी ती हौसेने तिकडेच पळायला गेली. पळताना डावं पाऊल मोजायची तिची सवय जुनी. कापडाचे थर मोजता मोजता ती अंगात मुरली होती. कालव्यावर एका किलोमीटरला डावी पाचशे पावलं पडायची. आजारापूर्वी सहाशेच्या पुढे पडत. हा फरक तिच्या लक्षात आला होता, तिने विचारलंही होतं. आता तू ताठ पळतेस, पाऊल लांब पडतं, असं नवऱ्याने सांगितलं होतं. मापाच्या बाबतीत त्याने सांगितलं की विषय संपला, आणि वर कौतुक! तिने ते आनंदाने गिळलं.

तीनच्या पाटीपासून तिने मोजायला सुरुवात केली. पाचशे झाली तरी चारची पाटी दिसेना. ती दिसली सहाशे सत्तावीसला. चार ते पाच पुन्हा मोजलं, सहाशे चोवीस.

घरी येऊन चहा ठेवता ठेवता ती म्हणाली की शर्यतवाल्यांनी पाट्या चुकीच्या लावल्यात वाटतं, फार लांब लांब आहेत.

"असतील," नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला. "घाईत लावतात ते लोक."

चहा उतू गेला. कुठे माप चुकलंय म्हटल्यावर अर्धा घास टाकून उठणारा हा माणूस. एकदा नात्यातल्या लग्नात मांडव वाकडा आहे म्हणून सनईवाल्यांना थांबवून दोरी धरायला लावली होती त्याने. तो आज म्हणतो, असतील?

तो आंघोळीला गेला तसं तिने दारामागचं चाक उचललं आणि रिक्षा करून कालव्यावर गेली. पुलापासून चाक ढकलत निघाली. पहिल्या मोठ्या पिवळ्या खुणेशी आकडा बघितला. आठशे. सातशे नव्वद नाही की आठशे दहा नाही. खोटं बोलतानाही त्याने माप नीट घेतलं होतं. ती आणखी दोनशे मीटर गेली. तिथे रस्त्याच्या कडेला हातभर लांबीचा काळा रंग फासलेला होता, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून जुना पिवळा डोकावत होता.

ती तिथेच खाली बसली. तिला राग आधी आला नाही, लाज आली. पुलावर त्याच्या खांद्यावर आपण रडलो त्याची लाज, कारखान्यात पेढे वाटल्यासारखं सतरा सतरा सांगत फिरलो त्याची लाज. कोणी परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. इथे केसाने गळा कापला होता आणि तोही कौतुक करत करत.

राग घरी पोचेपर्यंत आला. चाक तिने बैठकीच्या मधोमध, त्याच्या पायांशी ठेवलं. त्याने चाकाकडे बघितलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. नाही म्हणाला नाही, तेवढं त्याच्या बाजूने धरू.

त्याने सगळं सांगितलं. न्यूमोनियानंतर ती पहिल्यांदा पळायला गेली, दोन किलोमीटरांत धाप लागून कालव्याच्या काठावर बसली आणि म्हणाली की आता माझ्याच्यानं होणार नाही. ते त्याला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना त्याने जाऊन सगळ्या खुणा अलीकडे आणल्या. थोडे दिवस, उभारी येईपर्यंत, असं ठरवलं होतं. मग ती हसायला लागली, जेवायला लागली, आणि खुणा परत मूळ जागी न्यायचा धीर त्याला झाला नाही. मनात होतं की शर्यतीच्या उत्साहात उरलेलं ती ओढून नेईल.

"आणि फॉर्म?" तिने विचारलं. "मी फॉर्म समोर ठेवून विचारलं होतं."

तो वर्तमानपत्राची घडी घालायला लागला.

"माझ्या हाडाचं काय होईल, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. साऱ्या गावाची मापं खरी आणि माझंच तेवढं खोटं. लोकांच्या कुंपणासाठी तुम्ही चहा सोडता, आणि माझ्यासाठी एक खरा आकडा तोंडातून निघाला नाही."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू पळू नकोस रविवारी. माझं ऐक."

"तुमचंच तर ऐकलं इतके दिवस," ती म्हणाली आणि डबा न घेताच कामावर गेली.

कारखान्यात काजेवाली म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. बटणाची काजं करता करता अख्ख्या कारखान्याची गुपितं तिच्या कानावरून जायची. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि आपला स्वतःचा नवरा इतक्या वर्षांत एकदाही आपल्यासाठी उन्हात रंगाचा डबा घेऊन गेला नाही, खोटं बोलायला सुद्धा आळशी मेला, असं म्हणून हसवायचा प्रयत्न केला. मास्तरीण हसली नाही. मग काजेवालीने सरळ विचारलं की आता पळणार की नाही. नाही पळाली तर तिसऱ्या वर्षीही घरी बसणार. पळाली तर हाड, आणि हाड गेलं तर हे टेबल. पुढच्या वर्षी पळ म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं सगळे तेच म्हणत आले होते, आणि प्रत्येक पुढच्या वर्षाने तिला आडवं पाडलं होतं.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने टेबलावरच्या निळ्या कापडाच्या कडेला खडूने हिशेब मांडला. सतरा गुणिले आठशे, म्हणजे तेरा हजार सहाशे मीटर. इतकंच ती आजवर खरं पळाली होती. त्याचा पाव भाग तीन हजार चारशे. बेरीज केली आणि खडू तिच्या हातात तसाच राहिला. बरोबर सतरा हजार.

तिने बेरीज पुन्हा केली, मग उलटी केली. डॉक्टरांची अट न मोडता तिला उद्या जितकं पळता येणार होतं, ते नेमके सतरा किलोमीटर होते. एकवीस तिचे नव्हते, ते कधीच नव्हते. पण सतरा तिने जगाला सांगितले होते आणि ते तिच्याकडे नव्हते. ते मिळवता येणार होते. खडू पुसून तिने कापड घडी घालून ठेवलं.

घरी तिने एवढंच सांगितलं की मी पळणार आहे. नवऱ्याने विनवण्या केल्या, डॉक्टरांना फोन लावतो म्हणाला. तिने बूट पुसले आणि झोपायला गेली. तिचा बेत तिने त्याच्यापासून लपवला, जाणूनबुजून लपवला. एक दिवस त्यालाही कळू दे, न कळणं कसं असतं ते.

रविवारी पहिले दहा किलोमीटर तिने स्वतःला लगाम घालून काढले. तेराच्या पुढे पोटऱ्या बोलायला लागल्या, पंधराला त्या ओरडायला लागल्या, आणि मग सोळाच्या पाटीशी काय झालं कोण जाणे, पाय हलके झाले. श्वास नीट होता. नडगी गप्प होती. डावं पाऊल आपोआप मोजलं जात होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवत होते आणि एक अनोळखी आजोबा ओरडून म्हणाले की पाचच राहिले, पोरी, पाचच! तिला पोरी म्हणणारं कोणी भेटून कैक वर्षं झाली होती. मन म्हणालं, जा. इतकं छान वाटतंय, एक दिवस चालतं, कोण मोजतंय?

कोण मोजतंय, हे ऐकल्याबरोबर तिने ओळखलं, हा आवाज तिच्या घरातला होता. कालव्यावर रंगाचा डबा हातात घेऊन तो असंच काहीतरी स्वतःशी म्हणाला असणार.

सतराची पाटी आली. तिने पाटीच्या खांबाला हात लावला आणि ती थांबली. मग बाजूला झाली. मागून येणारे तिला ओलांडून जात राहिले, आणि तिला इतकं रडू आलं की पाण्याच्या टेबलामागची बाई धावत आली, पाय गेला का म्हणून. पाय शाबूत आहे, असं तिने सांगितलं. छातीवरचा नंबर सोडवून त्या बाईच्या हातात दिला, पाण्याचे दोन पेले प्यायली आणि बस पकडून घरी आली.

नवरा दोन तासांनी आला. शेवटच्या रेषेशी तो कमान उतरवेपर्यंत उभा होता, मग दवाखान्याच्या तंबूत आणि थकलेल्यांना उचलत मागून येणाऱ्या गाडीतही शोधून आला होता. खांद्यावर टॉवेल आणि कोरड्या कपड्यांची पिशवी तशीच होती. तिला खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली बघून तो दारातच खाली बसला.

"सतरावर थांबले," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या हिशेबाने तेवढेच होते माझे."

"मला सांगायचं तरी होतंस," तो म्हणाला. "माझा जीव..."

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. तिने उत्तर तयार ठेवलं होतं, दोन दिवस घोळवलं होतं, पण त्याच्याकडे बघून तिला ते द्यावंसं वाटलं नाही. त्याने ते स्वतःच ऐकलं होतं.

तो उठला आणि दारामागचं चाक घेऊ लागला. उद्या नको, आत्ताच जातो, सगळ्या खुणा होत्या तिथे नेऊन ठेवतो, असं म्हणाला.

"चाक राहू द्या," ती म्हणाली. "पाय बरे झाले की माझा रस्ता मी मोजेन."

त्याने चाक परत ठेवलं. दारामागे नाही, तिच्या बुटांशेजारी. मग तो स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी पाणी तापवायला लागला, आणि किती तापवू हे त्याने आतून विचारलं. ती वाकून चाकाचा आकडा शून्यावर आणत होती.