कारध्याच्या घाटावरचा बिगूल

मी बिगूल बोलतोय. खरं म्हणजे फुंकल्याशिवाय आमच्या तोंडून शब्द निघत नाही. पण फुंकणाराच गेला, म्हणून आज आपणहून तोंड उघडलं.

माझा जन्म मेरठचा. अंग तांब्याचं, काठ पितळेचा. पलटणीतला बिगुलवाला जागेश्वर निवृत्त झाला तेव्हा मला विकत घेऊन आपल्या गावी, कारध्याला आला. मला पोचा पडला की तो नदीपलीकडे भंडाऱ्याच्या कासाराकडे नेई. कासार मला ठोके, आणि तोंड वाकडं होई जागेश्वरचं. लाड तरी किती करावेत!

आसपासच्या गावात कोणी निवृत्त जवान गेला की जागेश्वरला निरोप येई. मोठी मानवंदना काही सगळ्यांच्या नशिबी नसते. "बंदूक नसन तं नसन, बिगूल तं वाजलाच पायजे," म्हणत तो जुना कोट चढवी. लग्नाच्या वरातीत मात्र मला कधी कोणी बोलावलं नाही. बँडवाल्यांचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू!

आसपासच्या गावांचं दहनही कारध्याच्याच नदीघाटावर होई. अग्नी दिल्यावर घाटावरून परतताना मागे वळून पाहायचं नसतं. त्यामुळे जागेश्वरने आपली एक रीत पाडली होती. सगळे पाठ फिरवून निघाले की तो एकटा चितेसमोर उभा राही आणि मला ओठांना लावी. गेलेल्याला एकटं वाटू नये, एवढंच त्याचं म्हणणं. लोकांना माझा सूर पाठीमागून ऐकू येई. मला वाजताना कोणी कधी पाहिलंच नाही, मग शिकणार कोण?

घरी त्याची बायको गोदावरीबाई नदीकडे कान लावून बसे. माझा आवाज आला की, आटोपलं, असं समजून ती त्याच्या आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवी.

यंदा हिवाळ्यात जागेश्वरच गेला. त्याच्या मुलाने, अमरने, मला त्याच्या छातीवर ठेवून घाटावर आणलं आणि अग्नी देण्याआधी उचलून बाजूच्या दगडावर ठेवलं. चिता पेटली. जागेश्वरचा जुना सोबती, हवालदार बाबुलाल, याने सलाम ठोकला. मग सगळे नेहमीसारखे पाठ फिरवून निघाले.

पण चालत होते अगदी हळू. ते माझी वाट पाहत होते. रस्त्याशी पोचल्यावर बाबुलाल थांबला. "बिगूल काहून नाही वाजून राहिला रे?"

वाजवणाराच आज चितेवर आहे, हे तोवर एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि मागे तर पाहायचं नव्हतं. माना खाली घालून ते गेले. चितेजवळ मी एकटा उरलो. इतका मुका मी जन्मात कधी झालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला आलेल्या अमरने मला घरी नेलं. गोदावरीबाईने पदराने माझ्यावरची राख पुसली.

"तुहा आवाजच नाही आला रे," ती म्हणाली. "लोक वापस आले, तरी मले वाटलं, अजून व्हाचं हाये. पाणी बी नाही ठेवलं मी."

आता मी खुंटीवर असतो. दूर कुठे काही वाजलं की ती कामातला हात थांबवते, ऐकते, आणि मग माझ्याकडे बघते. मला ते बघवत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या छातीत दम असेल तर एकदा कारध्याला या. सूर चुकला तरी चालेल. मला घाटावर न्या आणि एकदाच वाजवा. त्या माउलीला पाणी ठेवू द्या.