वर्डाबाईंची फुग्यांची वही

एकोणीसशे सत्तावन्नच्या वसंतात नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या चालू होत्या आणि आम्हा हवामानवाल्यांना माणसं पुरत नव्हती. चाचणीच्या मैदानाच्या ईशान्येला असलेल्या सेज वेल्स गावातल्या हवामान ठाण्यावरून माझ्या जोडीदाराला दुसरीकडे हलवलं. वाऱ्याचा फुगा सोडला की एकाने दुर्बिणीतून त्याचा माग काढायचा आणि दुसऱ्याने दर मिनिटाला कोन लिहायचे. मी एकटाच उरलो. माणूस मागितला तर वरून उत्तर आलं, "गावातलं कुणीतरी घ्या."

गावच्या पोस्टमास्तर वर्डा हॅमंड आल्या. वय अठ्ठावन्न, अक्षर मोत्यासारखं.

"कार्ल, फुगा कुठं गेला हे त्यांना कशाला हवं रे?"

"वाऱ्याचा अंदाज बांधायला, बाई."

"ते कळलं. पण पुढे त्याचं करतात काय?"

"ते वरचे साहेब ठरवतात," मी म्हणालो. बाईंनी मग स्वतःची वेगळी वही सुरू केली. एका बाजूला फुग्याची दिशा, दुसऱ्या बाजूला स्फोट झाला की पुढे ढकलला. पाचव्या आठवड्यात त्यांनी वही माझ्यापुढे आपटली.

"बघ. फुगा दक्षिणेला, लास व्हेगासकडे गेला की स्फोट पुढे ढकलतात. ईशान्येला गेला की हमखास होतो. म्हणजे तुमच्या मैदानावरून आमच्या डोक्यावर वारा आला की सगळं ठीक, होय ना?"

मी वही दोनदा चाळली. एकही नोंद चुकीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी फुगा ईशान्येला गेला. मी रेडिओवर चाचणी केंद्राला आकडे कळवत होतो, तेवढ्यात बाईंनी माइक ओढला.

"साहेब, मी सेज वेल्सहून वर्डा. तुमच्या नकाशावर आमच्या गावात माणसं किती आहेत हो?"

पलीकडे कागद सळसळले. "चाळीस."

"एकशे तेरा. पत्रं मी वाटते, मला विचारा."

पलीकडे पेन्सिल खरखरली. मग, "पुन्हा सांगा, बाई."

त्या दिवशी स्फोट झाला नाही. वाऱ्यामुळे की आकड्यामुळे, हे मला कुणी सांगितलं नाही. पण आठवड्याभरात जीपमधून एक माणूस घरं मोजायला आला. बाईंनी त्याला डोंगरातल्या मेंढपाळांच्या तंबूंपर्यंत फिरवलं. आकडा एकशे एकोणीस झाला.

पुढचा स्फोट झाला तेव्हा घरात थांबायचा निरोप गावाला आदल्या संध्याकाळीच मिळाला. आधी हा निरोप स्फोटाचा किरणोत्सारी ढग गावावरून गेल्यावर यायचा.

खिडकी लावून घेताना बाई म्हणाल्या, "घरात बसल्याने नक्की काय वाचतं रे, कार्ल?"

"तेही वरच्यांनाच विचारायला हवं," मी म्हणालो. बाईंनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.